दुसऱ्या अल्बमचा ठोका

बाबांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक स्पीकरवर टेकवलं, मूठ कानाशी धरली आणि डोळे मिटले. माझे बाबा पंप दुरुस्त करतात. बत्तीस वर्षं त्यांना बिघाड असाच ऐकू येतो. संगीतही ते असंच ऐकतात, हे मला त्या दुपारी त्यांच्या दुकानात आमचा नवा अल्बम ऐकवताना कळलं.

"किती गाणी आहेत?"

"नऊ."

"पहिल्या अल्बमात?"

"अकरा होती."

"म्हणजे सुधारणा आहे."

आमचा इलेक्ट्रॉनिक बँड दोघांचा: मी आणि माझा मित्र डबा. डबा कशावरही वाजवतो, म्हणून डबा. आमच्या पाठीशी कुठलीच कंपनी नाही. याला स्वतंत्र बँड म्हणतात. पहिला अल्बम आम्ही घरच्या फ्रिजच्या घरघरीवर रचला होता. तो एकशे चार वेळा ऐकला गेला. त्यातल्या साठ वेळा आईने, फ्रिज नीट चालतोय ना हे बघायला.

दुसऱ्या अल्बमला आम्हाला जिवंत ठोका हवा होता. म्हणून चार महिन्यांपूर्वी बाबा जेवून बाकावर आडवे झाल्यावर आम्ही त्यांच्या छातीवर चिकटपट्टीने माइक लावला. बाबा झोपले की शेजारी ट्रक उलटला तरी कूस बदलत नाहीत.

ठोका झकास होता, पण बेशिस्त. मध्येच एक गाळायचा, मग दोन घाईघाईने उरकायचा, वर सतत फुसफुस. आम्ही माइकला शिव्या घातल्या आणि चार महिने कॉम्प्युटरवर एकेक ठोका उचलून रांगेत बसवला. फुसफुस पुसून काढली. डब्याच्या चष्म्याचा नंबर वाढला. बाबांना शेवटी सांगून चकित करायचं ठरलं होतं.

सहाव्या गाण्याला डब्याने चुकून जुनी, दुरुस्त न केलेली फाइल लावली. बाबांच्या कपाळावर आठी पडली.

"थांब. परत लाव. हा कुणाचा पंप?"

डबा माझ्याकडे बघून हसला. "ओळखा, काका."

"व्हॉल्व्ह बसत नाहीये. वर चढवलेलं पाणी मागं पडतंय, ऐकलंस? आणि मध्येच दम खातोय. मालकाला सांग, आजच खोलून घे. नाहीतर एक दिवस जागेवर बसेल." त्यांनी स्क्रूड्रायव्हर खिशात टाकला. "कुठला आहे? जवळचा असेल तर मीच जाऊन येतो."

"जवळचाच आहे," डबा म्हणाला. त्याचं हसू चेहऱ्यावरच राहिलं होतं, काढायला कुणी आलंच नव्हतं.

मी सांगितलं.

बाबांनी मान खाली घालून स्वतःच्या छातीकडे पाहिलं.

"कधी घेतला आवाज?"

"चार महिने झाले."

"ही फुसफुस तेव्हाही होती?"

"होती. आम्ही ती काढून टाकली."

"आवाज काढून टाकला?" बाबांचं तोंड उघडंच राहिलं. बत्तीस वर्षांत त्यांनी भलेभले अडाणी मेकॅनिक पाहिले होते. पण पंपाऐवजी आवाज दुरुस्त करणारे पहिल्यांदाच.

मग ते हळूच म्हणाले, "जिन्यात दम लागतो, तो मी वयावर ढकलत होतो."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी मशीन लावून पाहिलं आणि बाबांचंच वाक्य म्हटलं, फक्त पाण्याच्या जागी रक्त घालून.

"पार्ट मिळतो?" बाबांनी विचारलं.

"मिळतो, काका."

"चालू ठेवून बदलता?"

"नाही. हृदय थांबवावं लागतं. तेवढा वेळ मशीन रक्त फिरवतं. काम झालं की परत सुरू करतो."

बाबांनी डॉक्टरबाईंकडे रोखून पाहिलं. मला ती नजर ओळखीची होती. जुना पंप पूर्ण बंद करण्याआधी ते मालकाला बाजूला घेऊन सांगतात, परत पाणी उचलेल याची खात्री मी देत नाही.

ऑपरेशनच्या सकाळी डब्याचा फोन आला. अल्बम पाठवायची मुदत संपत होती.

"काय म्हणतोय?" बाबांनी विचारलं.

"सहावं गाणं कुठलं पाठवू म्हणतोय. रांगेत बसवलेलं की तुमचं."

"जसं आहे तसं पाठवा," बाबा म्हणाले. "बिघाड लपवू नये."

नर्स चाकांची खुर्ची घेऊन आली. बाबांनी तिला हाताने थांबवलं. शर्टाची बटणं एकेक करून सोडली, शर्ट झटकला, नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिला.

"चालत येतो मी," त्यांनी तिला सांगितलं.

ऑपरेशन थिएटरचं दार मिटलं. शर्ट अजून गरम होता.