पुढील विधान खरे धरल्यास

चष्म्याच्या डाव्या सांध्यातला स्क्रू पांढरा होता आणि उजव्यातला पिवळा—लग्नाला शेजाऱ्याचा कोट घालून आलेल्या माणसासारखा, आपल्या जागी नीट बसलेला आणि तरीही उसना. चष्मा डोळ्यांवर असताना तो दिसायचं काही कारण नव्हतं. पण उतारा दोनदा वाचून झाल्यावर तिनं चष्मा काढून बाकावर ठेवला होता, आणि आता आजूबाजूची माणसं माना खाली घालून उत्तरपत्रिकेवरचे गोल काळे करत असताना ती स्क्रूकडे बघत बसली होती.

"या मापाचा संपलाय," चष्मेवाला म्हणाला होता. "माझ्या चष्म्यातला काढून लावतो. मी काय, दिवसभर दुकानातच, दोऱ्यानं बांधीन."

आणि खरोखरच बांधला होता. तिनं तेव्हा मनात नोंद केली होती: गिऱ्हाईक धरून ठेवायची रीत बरी आहे. तिच्या मनात कुठलीच गोष्ट नुसती आत येत नसे. दारात उभी राहून आधी कागदपत्रं दाखवावी लागत. विमा कंपनीत दावे तपासायचं काम. जळालेली गोदामं, भिजलेले गालिचे, 'सगळं गेलं हो' म्हणणारे आणि सगळं आदल्या दिवशीच मेव्हण्याकडे हलवलेले दुकानदार... कचेरीत तिच्या माघारी तिला चाळणी म्हणत, आणि ते तिला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडत होतं. तरुणपणी स्थळं आली तीही तिनं चाळली. चाळणीत काहीच उरलं नाही. पण खडे तरी आले नाहीत दाताखाली, असं ती म्हणायची, आणि रविवारी दुपारी निवांत पाय पसरून झोपायची. तक्रार नव्हती. आजही नाही.

ही परीक्षा बढतीची. विभागप्रमुख व्हायचं तर विज्ञानाचे उतारे का वाचावे लागतात, हे वरच्या साहेबांनाच माहीत. बाकी सगळं तिला जमत होतं. अडत होतं ते एकाच जातीच्या प्रश्नाशी—'पुढीलपैकी कोणते विधान खरे धरल्यास संशोधकाच्या दाव्याला सर्वाधिक बळकटी मिळेल?' महिनाभर भाचीनं डोकेफोड केली होती.

"मावशी, पुन्हा तेच. बळकटी विचारलीय, तू दावा पाडणारा पर्याय निवडलास."

"पण त्यानं तो पडतो ना?"

"पडू दे गं. तू आज रजेवर आहेस असं समज. आणि पर्यायांवर संशय घ्यायचा नाही, ते खरे धरून चालायचं."

"कुणी सांगितलं खरे आहेत म्हणून?"

"प्रश्नानं." भाचीनं कपाळ टेबलाला टेकवलं होतं. "आणि सिद्ध नाही करायचंय काही. आधी वाटत होता त्याहून जरासा जास्त खरा वाटला, की झालं. जरासा, मावशी."

जरासा. असं माप तिच्या कामात नव्हतंच. तिथं दावा एक तर उभा राहायचा, नाही तर आडवा.

तिनं चष्मा घातला. उतारा झाडांचा होता. एका जातीची झाडं शेजारी-शेजारी वाढतात, पण त्यांचे शेंडे एकमेकांना टेकत नाहीत. खालून पाहिलं तर मध्ये आभाळाची बारीक फट दिसते. संशोधकाचा दावा: हा झाडांचा स्वभाव नव्हे, वाऱ्यात फांद्या एकमेकींवर आपटतात, कोवळे कोंब मोडतात, आणि जिथं मोडतात तिथं पुन्हा वाढत नाहीत—एवढंच.

पर्याय अ: वारा नसलेल्या जागीही अशी फट आढळते. हात सवयीनं तिकडे निघाला... थांब. हा पाडणारा. ब: ही झाडं दीर्घायुषी असतात. असोत बापडी. ड: संशोधक तीस वर्षं याच विषयात आहे. म्हणजे तीस वर्षं चुकत असेल. उरला क: फांद्या हलू नयेत म्हणून बांधून ठेवल्यावर काही वर्षांत फट भरून आली.

कुणी बांधल्या? कशानं? भरली हे मोजलं कुणी?... खरे धरून चालायचं. तिनं एकदा श्वास घेतला आणि धरलं. काही झालं नाही. छत कोसळलं नाही, पर्यवेक्षक खिडकीत जांभई देत होता. नुसतंच धरून बघितलं, तर तो दावा तिच्यासमोर हळूच जरा सरळ होऊन बसला.

"आपण लग्न केलं तर दोघांचंही बरं होईल, असं मला वाटतं," चष्मेवाला आठवड्यापूर्वी म्हणाला होता, काच पुसता पुसता, तिच्याकडे न बघता. त्याची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती.

"कशावरून?" ती म्हणाली होती. तोंडातून तेच निघालं. ती तरी काय करणार, तिच्याजवळ दुसरा शब्दच नव्हता.

त्यानं प्रामाणिकपणे विचार केला होता बिचाऱ्यानं. "ते नाही सांगता येणार, बाई."

"परीक्षा होऊ दे. त्याच संध्याकाळी सांगते."

ती संध्याकाळ आजची. उत्तर तिच्याजवळ तयार होतं, कारणांसकट, आणि त्यातलं पहिलं कारण निष्काळजीपणा. मागे एकदा त्यानंच फोन केला होता: "तुमच्या चष्म्याचा नंबर माझ्या हातून चुकलाय. फरक थोडा आहे, तुम्हाला कळणारही नाही. पण आणून द्या." तिला खरंच कळलं नव्हतं. तिनं तेव्हा ते 'चूक' या खात्यात टाकलं आणि वर शिक्का मारला.

आता पेन्सिल क वर टेकलेली असताना तिच्या मनात आलं, की इतक्या वर्षांत एकाही दावेदारानं आपणहून फोन करून म्हटलं नव्हतं—माझं काहीतरी चुकलंय, तुम्हाला कळणार नाही, पण सांगतो. एकानंही नाही. त्याच्या फोनची गोष्ट तीच होती. तिनं ती पाडणाऱ्या बाजूला ठेवली होती...

सिद्ध काहीच होत नाही, ती स्वतःला म्हणाली. जरासा.

तिनं गोल काळा केला. बरोबर की चूक ते कळायला महिना होता.

बाहेर ऊन उतरलं होतं. ती नेहमीच्या चालीनं चष्मेवाल्याच्या रस्त्याच्या कडेला येऊन उभी राहिली. पलीकडे दुकान, काचेआड चष्मेवाला कुणा म्हातारबुवांना अक्षरं वाचायला लावत होता. तयार उत्तर अजून तिच्याजवळच होतं, फक्त त्याच्या पहिल्या कारणाला आता बसायला जागा नव्हती, आणि ते जाऊन दुसरं काही तिथं आलंय असंही नाही—फट होती, बारीक, आणि तिच्यातून बरं वाटण्यासारखं काहीतरी येत होतं. गाड्या जात होत्या. त्यानं मान वळवली, आणि त्याच्या चष्म्याच्या दांडीला अजून दोरा दिसला. स्क्रू आले नसतील. किंवा आले असतील, आणि... तिनं पुढचं विचारायचं राहू दिलं. एवढ्या लांबून दोरा दिसला, म्हणजे नंबर तरी बरोबर आहे, तिला वाटलं, आणि रस्ता मोकळा होईपर्यंत ती तशीच, घाई नसल्यासारखी उभी राहिली.