उजवीकडे वळताना रडणारी गाडी

कुरुळीच्या माळावर त्या रविवारी माणसांपेक्षा गाड्या जास्त होत्या. टेम्पो, कंपनीच्या कॅब, झालंच तर एक पाण्याचा टँकर. सगळे गाडीबाबांच्या रांगेत. गाडीला लागलेली बाधा काढण्यात बाबांचा हातखंडा होता. मधोमध त्यांची धुनी पेटलेली. तिला प्रदक्षिणा घालत एक पांढरी गाडी फिरत होती आणि फिरता फिरता चक्क बाईमाणसासारखी रडत होती. "ऊंऽऽ... ऊंऽऽ..."

"ऐका! सावित्रीबाई आल्या!" बाबा माइकवर गरजले. "आत्म्याला रस्ता लागत नाही, भक्तहो, आणि टोलही लागत नाही!"

लोकांनी पटापट हात जोडले.

त्या गाडीत मागच्या सीटवर विजयश्री एकटी बसली होती. बसवली होती म्हणा ना! चाइल्ड लॉक लावलेलं, काचा बंद, पुढे स्टिअरिंगवर बाबांचा चेला सुजित. आत ठेवलेल्या धुपाच्या धुरानं तिचा जीव गुदमरत होता. ती काच ठोकत होती. बाहेर तिचा नवरा नवनाथ उभा होता. त्यानं एकदा तिच्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

झालं होतं एवढंच, की दिवाळीत विजयश्रीच्या हातून गाडी दुभाजकावर चढली. नवा बंपर बसवला, रंग मारला, गाडी पुन्हा झकास दिसायला लागली. पण तेव्हापासून घराच्या बोळात शिरताना ती रडू लागली. हायवेवर गप्प, दाराशी आली की सुरू. सासरे उद्धवराव म्हणाले, "आवाज माझ्या मालकिणीचाच हाय." त्यांची बायको सावित्रीबाई उन्हाळ्यातच गेली होती. मग बाबांनी निदान केलं: सून विज्ञान शिकवायला शाळेत जाते, ते सासूच्या आत्म्याला सोसत नाही. सुनेनं नोकरी सोडावी. आता बोला! शाळेचा डबा रोज पहाटे उठून भरून देणारी सासू, आणि तिला म्हणे शाळा सोसत नाही!

गाडी थांबली. सुजितनं पुढची काच उतरवली आणि बाबांनी माइक आत धरला. "सूनबाई, 'शाळा सोडते' म्हणा. मग मी उलटी फेरी घालून आत्मा मोकळा करतो. तुम्ही कोणी उलटी फेरी घालू नका हं, पाप लागेल. मला वरून परवानगी आहे!"

"मला बाहेर काढा."

"आधी वचन."

पुन्हा फेरी, पुन्हा रडं. सगळं गाव तिच्याकडे चेटकिणीकडे बघावं तसं बघत होतं. शेवटी ती म्हणाली, "सोडते." म्हणाली आणि ढसाढसा रडली. स्वतःचाच तिला संताप आला.

सुजितनं गाडी फिरवून उलटी फेरी घातली. गाडी गप्प! जयजयकार झाला, उद्धवरावांनी बाबांच्या पायावर डोकं ठेवलं.

विजयश्रीनं डोळे पुसले. मघाशी धुनी उजव्या हाताला होती, आता डाव्या. आणि आपला बोळ? तिथंही उजवीकडेच वळावं लागतं. अगं बाई!

दार उघडताच ती उतरून सासऱ्यांकडे गेली. "आबा, आता एक सुलटी फेरी घालायला सांगा. आईंना शांती मिळालीय ना? मग रडायला नको."

"परीक्षा बघू नये!" बाबा घाईनं म्हणाले.

"बाबा, येकदाच," उद्धवराव हात जोडून म्हणाले. "ती निवांत हाय का न्हाई, एवढं कळू द्या मला."

नवनाथनं सुजितकडून किल्ली ओढून घेतली आणि स्वतः गाडीत बसला. गाडी उजवीकडे वळली. "ऊंऽऽ..."

"मी तर इथं उभी आहे," विजयश्री म्हणाली. "वचनही दिलंय. मग आता हे कशाला?"

तिनं चाकं सरळ करून गाडी थांबवायला लावली. "आबा, पुढच्या उजव्या चाकाच्या मागं हात घाला." अख्खा पंजा शिरला. "आता डाव्या." बोटसुद्धा शिरेना. आतला मडगार्ड घासून चकचकीत झाला होता.

"चाकाला धरून ठेवणारा लोखंडी आर्म धडकेत वाकलाय, चाक मागं सरकलंय. उजवीकडे वळलं की टायर इथं घासतो. आपण नुसता बंपर रंगवला. बाबांनी काल गाडी बघायला म्हणून नेली ना? ती कुठं रडते, कुठं गप्प बसते, तेवढं बघून ठेवलं. आणि हा टायर बघा, तारा दिसायला लागल्यात. हायवेवर फुटला असता."

"जिथे विज्ञान संपतं—" बाबांनी सुरुवात केली.

"बाबा, माझा टँकर ब्रेक दाबला की किंचाळतो," रांगेतून कुलदीप ओरडला. "त्याच्यात कोण बसलंय?"

हशा पिकला. पण एक बाई म्हणालीच, "पर तिनं वचन दिलंय धुनीपुढं."

उद्धवराव अजून चाकापाशी बसले होते. "मला वाटलं, आवाज तरी ऱ्हायला तिचा," ते पुटपुटले. विजयश्रीनं त्यांना हात दिला.

म्हातारा उठला. त्यानं बाबांच्या हातातला माइक घेतला.

"कोंडून घेतलेलं वचन कसलं, बाई? माझी मालकीण गेली. ती गाडीत न्हाई, धुनीत न्हाई. आपापल्या गाड्या गॅरेजात न्या, आन् कुनी काय बी सांगितलं तर आधी खाली वाकून बघा. मी न्हाई बघितलं. मेलेलीचं रडं मला ऐकू आलं, आन् जिती रडत व्हती तिकडं मी पाठ केली."