सातवं तबक

कुंभकोणमच्या मोठ्या रस्त्यावरच्या चार मजली कापडदुकानात सौंदरवल्ली जावा, नणंद आणि बहिणींना घेऊन सकाळी शिरली होती. दुपारी ती गल्ल्यापाशी पोचली तरी तिची जीभ अजून ताब्यात होती. याचं श्रेय तिच्या नवऱ्याचं. घरून निघतानाच नटेसननं बजावलं होतं, "आज मुलाकडची माणसं बरोबर आहेत. तुझ्या तोंडापायी पूंगोडीचं लग्न पुन्हा मोडलं तर तू जाणे!"

'पुन्हा' हा शब्द खोटा नव्हता. लेकीचं आधीचं स्थळ हातचं गेलं होतं ते 'मुलीची आई भांडकुदळ' या एका बोलण्यावर. म्हणून आज विहीणबाईंनी, म्हणजे अलमेलूअम्मांनी, साड्यांचा डोंगर उपसायला लावून शेवटी पहिलीच साडी पसंत केली, तरी सौंदरवल्ली हसत राहिली. हसून हसून तिचे गाल दुखायला लागले होते.

पैसे चुकते झाले. मुलाकडच्यांना मानानं द्यायच्या साड्या आणि पुरुषांच्या रेशमी वेष्ट्या, म्हणजे लुंगीसारखी नेसायची धोतरं, गल्ल्यावर रचल्या गेल्या. व्यवस्थापकानं विचारलं, "अम्मा, पिशव्या किती देऊ? वीस रुपयाला एक."

"पिशवीचे पैसे?"

"नियमच आहे, अम्मा. प्लास्टिक कमी व्हावं म्हणून."

सौंदरवल्लीनं पिशवी चाचपली. दिसायला कापडाची, पण हाताला निव्वळ प्लास्टिक. "ही प्लास्टिकचीच आहे की."

"पैसे भरले की चालतं."

"अस्सं! माझे वीस रुपये मिळाले की ही विरघळते वाटतं?"

नटेसन खोकला. ती खोकल्याची भाषा तिला चांगली कळत होती, पण आता उशीर झाला होता. पूर्वी इथलीच दुकानं पिवळीधमक कापडी पिशवी आपण होऊन हातात द्यायची, वर नारळ-विडा ठेवायची. लग्नाच्या खरेदीला घरून पिशव्या नेणं म्हणजे दुकानदाराचा अपमान, असं मानत तिचं निम्मं आयुष्य गेलं होतं. आणि हा माणूस तिला नियम शिकवत होता!

"आत येताना माझी डब्याची पिशवीसुद्धा दारात काढून घेतलीत, बाहेरची चालत नाही म्हणून. आता जाताना तुमची विकत घे म्हणता. पिशवीवर तुमचं नाव केवढं! गोपुरावरून वाचता येईल. तुमची पाटी गावभर मी मिरवायची आणि पैसेही मीच मोजायचे?"

"जाऊ द्या हो," म्हणत अलमेलूअम्मांनी कमरेची चंची सोडली. "एवढ्याशासाठी कशाला? मी देते."

सौंदरवल्लीची कानशिलं तापली. मुलीच्या आईनं द्यायच्या वस्तू, त्यांच्या पिशवीचे पैसे मुलाच्या आईनं दिले, ही गोष्ट पुढच्या प्रत्येक लग्नात चघळली गेली असती.

"विहीणबाई, चंची मिटा. आम्हाला पिशवी नको."

व्यवस्थापक हसला. "मग काय, लग्नाचे कपडे उघड्या हातानं नेणार? घाटावरून धुणं आणल्यासारखे?"

हे मात्र तिला झोंबलं. लग्नाचं वस्त्र असं हळद-विड्यावाचून हातात नेलं की नजर लागते, हे तिथल्या प्रत्येक बाईला ठाऊक. नटेसननं कपाळाला हात लावला. "मी गाडीपाशी जातो. तुमचं तुम्ही निस्तरा," म्हणाला आणि खरंच चालायला लागला.

सौंदरवल्ली पायऱ्यांवर येऊन उभी राहिली. समोर भांड्यांचं दुकान होतं.

"अण्णा," तिनं रस्त्यापलीकडे हाक मारली, "पितळी तबकं द्या हो! सीर न्यायचंय!"

सीर म्हणजे तबकांत मांडून वाजतगाजत मुलाकडे न्यायचा आहेर. तबकं लग्नात लागणारच होती, तिनं आत्ताच विकत घेतली. फुलवालीकडून विड्याची पानं आणि हळकुंडं आली. दोघी जावा, नणंद, दोघी बहिणी आणि ती स्वतः, सगळ्यांच्या हातात एकेक तबक आलं. पायऱ्यांवर गर्दी जमली.

भांडेवाला ओरडला, "अक्का, सहा? सम आकड्यात सीर निघतं का कधी?" आणि त्यानं सातवं तबक पुढे केलं. सौंदरवल्लीनं त्यात अलमेलूअम्मांची साडी मांडली.

पण सातवे हात कुठून आणायचे? राहिल्या होत्या त्या अलमेलूअम्मा आणि त्यांची जाऊ. सीर मुलाकडच्यांनी घ्यायचं असतं, उचलायचं नसतं. अलमेलूअम्मांचे ओठ घट्ट मिटलेले होते. सौंदरवल्लीनं ते पाहिलं. झालं, मोडलं लेकीचं लग्न! पूंगोडीचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि तिला रडू फुटायचंच काय ते बाकी राहिलं. तरी तिनं हातातलं तबक खाली ठेवलं नाही.

अलमेलूअम्मांनी पदर कमरेला खोचला आणि सातवं तबक उचललं.

"अक्का!" त्यांची जाऊ किंचाळली. "आपण मुलाकडचे!"

"साडी माझी आहे ना? मग मी नेते. तू मागून ये."

सीर निघालं. खरंखुरं सीर समजून सायकली बाजूला झाल्या, बसवाल्यानं बस थांबवली. एका म्हातारीनं हात जोडून विचारलं, "कुणाकडचं गं सीर?"

धाकट्या जावेचा आवाज आधीच खणखणीत. "आमच्या पूंगोडीचं! एवढी खरेदी केली, पण दुकानवाल्याला पिशवी द्यायला जमली नाही!"

दुकानात शिरणाऱ्या दोघीतिघी पायरीवर थबकल्या. एक तर सरळ माघारी फिरली. मग व्यवस्थापक हातात पिशव्यांचा गठ्ठा घेऊन धावत आला. "अम्मा, घ्या! फुकट घ्या!"

"आता तू पैसे दिलेस तरी नको," सौंदरवल्ली म्हणाली. तिनं पाऊल थांबवलं नाही.

गाडीपाशी नटेसन उभा होता. विहीणबाईंच्या हातात तबक बघून त्याचं तोंड उघडंच राहिलं. अलमेलूअम्मांना धाप लागली होती. तबक गाडीत ठेवून त्या सौंदरवल्लीकडे वळल्या.

"पूंगोडीही अशीच बोलते का?"

सौंदरवल्लीनं घाईघाईनं मान हलवली. "नाही हो विहीणबाई, शपथ. ती गरीब आहे अगदी. कधी उलट बोलणार नाही."

"मग लग्नापर्यंत शिकवा तिला," अलमेलूअम्मा म्हणाल्या. "आमच्या घरात गप्प बसणारीचं काय होतं, ते मी भोगलंय."