डबा संपल्याशिवाय उठायचं नाही

ऑर्व्हिल प्रुएटने ट्रेसाला दुकान खाली करायला सांगितलं तेव्हा तिचा वस्तरा त्याच्या गळ्यावर होता. वेळ निवडावी तर अशी! गालभर फेस, मान मागे टाकलेली, डोळे अर्धवट मिटलेले, आणि त्या फेसातून म्हातारा बोलतो, "पोरी, महिनाअखेर जागा मोकळी कर. आता कायदा माझ्या बाजूने आहे."

ट्रेसाचा हात हलला नाही. वीस वर्षं माणसांचे गळे हाताळणाऱ्या बाईचा हात तो.

"कुठला कायदा, मिस्टर ऑर्व्हिल?"

"राजधानीतला. त्या कायद्यावरून कोर्टाने काल तुमचा तो ठराव रद्द केला. आणि काय गं, बोटं कसली काळी झालीत तुझी? गॅरेजमध्ये कामाला लागलीस काय?"

"अक्रोडाची हिरवी सालं काढलीत. हनुवटी वर करा."

तो ठराव असा होता. टॅन्सी स्प्रिंग्स हे अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्याच्या डोंगरातलं गाव. चौकात ट्रेसा कॉल्विनचं केशकर्तनालय, आणि शाळेची बस चालवणाऱ्या जून नावाच्या बाईबरोबर ती एका घरात एका संसारात राहते हे गावातल्या कुत्र्यांनाही ठाऊक. दोन वर्षांपूर्वी गावच्या कौन्सिलने ठरवलं, की कुणी कुणावर प्रेम करतं म्हणून त्याला नोकरी, घर किंवा गाळा नाकारायचा नाही. संपला ठराव. आकाश कोसळलं नाही, कुणाची कोंबडीसुद्धा मेली नाही. पण राजधानीतल्या शहाण्यांच्या पोटात दुखलं. त्यांनी कायदा केला, की राज्याच्या कायद्यात जे संरक्षण नाही ते कुठल्याही गावाने कुणाला द्यायचं नाही. कारण काय, तर सगळीकडे व्यवहार एकसारखा असावा! ज्यांना घालवायचं त्यांचं नावही त्या कायद्यात नाही. तोंडाने शिवी न देता माणसाला दाराबाहेर काढायची ही कला, आणि ती शिकलेल्यांना आपण मतं देतो.

संध्याकाळी जूनने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "वस्तरा जरासा दाबायचा होतास."

"अगं, गिऱ्हाईक होतं ते."

"मग पैसे घेऊन दाबायचा."

हसल्या दोघी, पण ट्रेसाला जेवण गेलं नाही. चौकात दुसरा मोकळा गाळा नव्हता. सगळी ओळ प्रुएटचीच, त्याच्या हार्डवेअरच्या दुकानापासून टोकापर्यंत. हायवेला जायचं म्हणजे म्हाताऱ्या गिऱ्हाइकांनी यायचं कसं? खुर्ची उचलून नेता येते, चौक कसा नेणार?

दुसऱ्या दिवशी नदीन कोट्स केस बसवून घ्यायला आली. नदीन विधवा, साठीची, जिभेला हाड नसलेली. ऑर्व्हिलही विधुर, आणि त्याचा नदीनवर डोळा आहे हे दरवर्षी अग्निशमन दलाच्या डब्यांच्या लिलावात सगळ्या गावाला दिसायचं.

हा लिलाव या डोंगरात आज्यापणज्यांपासून चालत आलेला. बायका दोघांपुरतं जेवण करून डबा सजवून आणतात. डबा कुणाचा ते सांगायचं नाही. पुरुषांनी बोली लावायची, आणि ज्याने जिंकला त्याने करणारीसमोर बसून अर्धं-अर्धं खायचं. डबा रिकामा झाल्याशिवाय दोघांपैकी कुणी उठायचं नाही, आणि शेवटचा डबा रिकामा झाल्याशिवाय नाच सुरू करायचा नाही. चुकून भलतीचा डबा घेतलेल्यांनी पळ काढू नये म्हणून कुण्या हुशार बाईने घातलेला नियम. आता नाव सांगायचं नाही म्हटलं तरी खुणा असतातच. नदीनचा डबा दरवर्षी पिवळ्या चौकड्यांच्या फडक्यात. ऑर्व्हिल त्यावर बोली लावणार, आणि तरणी पोरं मुद्दाम भाव चढवून त्याला घाम फोडणार.

"यंदा तूही डबा ठेव," नदीन आरशातून म्हणाली.

"माझा डबा कोण घेणार, मिस नदीन? मी आणि जून कोपऱ्यात बसून खातो तेच बरं."

"ठेव म्हणते ना. आणि हे घे, बांधायला." तिने पर्समधून पिवळं चौकड्यांचं फडकं काढून ट्रेसाच्या खांद्यावर टाकलं.

ट्रेसा फडक्याकडे बघत राहिली. "हे तर तुमचं..."

"मला कंटाळा आलाय गं. दरवर्षी तो मला त्याच्या गुडघ्याची गोष्ट सांगतो. यंदा तू ऐक."

शनिवारी दलाचा हॉल गच्च भरला. बंब बाहेर काढून आत बाकं टाकलेली. दलाचा प्रमुख डब मेनार्ड लिलाव पुकारत होता. पिवळं फडकं वर धरलं तसा ऑर्व्हिलने कोट नीट केला. मागून पोरांनी भाव चढवायला सुरुवात केली.

"काका, सोडून द्या, परवडायचं नाही!"

"तुझ्या बापाला परवडायचं नाही!" ऑर्व्हिलने एका झटक्यात आकडा दुप्पट केला. डबने हातोडी आपटली.

"डबा मिस्टर प्रुएटचा! मंडळी, करणारी कोण? उभी राहा बाई!"

ट्रेसा उभी राहिली.

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग हसू थांबेना. ऑर्व्हिलने नदीनकडे पाहिलं. तिच्या मांडीवर आधीच विकला गेलेला निळ्या कागदाचा डबा होता.

"नदीन! फडकं तुझं आहे!"

"होतं. दिलं तिला. मी काय तुझ्यासारखी आहे, दिलेलं काढून घ्यायला?"

आता काय करणार? नियम म्हणजे नियम. ऑर्व्हिल येऊन बसला. ट्रेसाने डबा उघडला. तळलेली कोंबडी, बटाट्याचं सॅलड, मसाला भरलेली अंडी आणि जाडजूड अक्रोडाचा केक. म्हाताऱ्याने केक पाहिला, मग तिची काळी बोटं पाहिली.

"खुर्चीत बसून डोळ्यांनी बघितलं, तरी कळलं नाही मला," तो पुटपुटला.

"तेव्हा तुमचं लक्ष कायद्याकडे होतं. घ्या, तंगडी घ्या."

दोघं चावत राहिले. कोंबडी चांगली होती, हीच पंचाईत. गोड चहाचे ग्लास भरत होते, म्हातारा नजर टाळायला तो पीत होता.

"मिस्टर ऑर्व्हिल, ठराव नव्हता तेव्हाही तुम्ही मला गाळा दिला होता. मग आता काय झालं?"

ऑर्व्हिलने हाड खाली ठेवलं. "तेच तर! नऊ वर्षं मी तुला गाळा दिला, कुणी सांगितलं म्हणून नाही. आणि कौन्सिलने कागद पाठवून मला बजावलं, हिला काढायचं नाही. जसा काही मी चोर! मग राजधानीने सांगितलं, तू काढू शकतोस. म्हटलं, दाखवूच."

"कौन्सिलवरचा राग माझ्यावर काढला?"

"तसं नाही..."

"तसंच आहे." ट्रेसाने आवाज चढवला नाही, पण शेजारच्या बाकांवरचे चमचे थांबले. "तुम्ही भले आहात, मान्य. पण सोमवारी भले आणि मंगळवारी रागावलेले. तुमच्या मर्जीवर मी रोज सकाळी शटर उघडायचं? पाऊस पडेल का बघतात तसं तुमचं तोंड बघायचं? यासाठीच तो ठराव लागत होता. भल्या माणसांसाठीच लागत होता, कारण वाईट माणसाला मी भाडंच दिलं नसतं."

ऑर्व्हिलने ताट जवळ ओढलं. केकचा तुकडा उचलून खात बसला. त्याच्या बाजूचं ताट साफ झालं. ट्रेसाच्या ताटात केकचा एकच घास उरला होता. तिने काटा खाली ठेवला आणि हाताची घडी घातली.

"खा की," ऑर्व्हिल म्हणाला.

"भूक गेली."

एव्हाना बाकी सगळे डबे रिकामे झाले होते. नाचासाठी व्हायोलिन वाजवणारा त्याचं फिडल मांडीवर घेऊन बसला होता. सगळा हॉल त्या एका घासाकडे बघत होता. आणि ऑर्व्हिल बाकावर चुळबुळायला लागला. चार ग्लास चहा, सत्तरी ओलांडलेली, त्यात थंडी.

"डब," तो कळवळून म्हणाला, "दोन मिनिटं उठू का?"

"नियम मी केलेला नाही, मिस्टर प्रुएट."

"अरे, माझ्या वयाचा तरी विचार कर!"

"राजधानीत अर्ज करा!" मागून एक पोरगा ओरडला, आणि हॉल खदखदला. गावाचा ठराव त्यांनी उडवला, पण डब्याचा नियम उडवायला त्यांच्या बापालाही जमलं नसतं. तो कुठल्याही कागदावर नव्हता.

ट्रेसाला त्याची दया आली. खरंच आली. असल्या अडवणुकीने मिळवलेलं तिला नको होतं. तिने घास उचलला आणि तोंडात टाकला. जूनने कपाळावर हात मारला.

"जा, मिस्टर ऑर्व्हिल. डबा संपला."

ऑर्व्हिल तिच्याकडे बघतच राहिला. मग उठला आणि गुडघा विसरून धावला.

फिडल सुरू झालं, पण नाचायला कुणी उठेना. बाहेर पिकअपचं दार धाडकन वाजलं.

"गेला," जून म्हणाली. "हातात होता आणि सोडलास. अगं, दोन मिनिटांत त्याने हॉलच लिहून दिला असता!"

"मुतायच्या घाईत लिहिलेलं मला नको."

दार उघडलं. ऑर्व्हिल आत आला, कानामागे सुताराची जाड पेन्सिल. पिकअपमधून तीच आणायला गेला होता. तो येऊन पुन्हा समोर बसला, डब्याचं पुठ्ठ्याचं झाकण पुढे ओढलं.

"राजधानीने गावाला मना केलंय ना? मला कुठे केलंय! माझ्या गाळ्याच्या करारात काय लिहायचं ते मी बघेन. सांग, काय लिहू?"

ट्रेसाने तेलकट बोटं फडक्याला पुसली. "लिहा, की मी कुणाबरोबर राहते या कारणाने तुम्ही गाळा काढून घेणार नाही. दहा वर्षं."

"दहा? मी दहा वर्षं जगायचो नाही."

"म्हणून 'आणि माझे वारस' असंही लिहा."

"फार लबाड आहेस गं!" म्हणत त्याने लिहिलं, सही केली, डबला साक्षीदार केलं. मग कोट झटकून नदीनसमोर जाऊन उभा राहिला. नदीनने त्याला वरून खाली न्याहाळलं. "एकच नाच. आणि गुडघ्याचं नाव काढलंस तर बघ." जूनने मात्र ट्रेसाला विचारलंसुद्धा नाही, ओढतच मधोमध नेलं.

सोमवारी वकिलाकडून नीट करार करून ऑर्व्हिल दुकानात आला. खुर्चीमागच्या भिंतीवर, परवान्याशेजारी, झाकण टांगलेलं होतं, कोंबडीच्या तेलाच्या डागांसकट. समोरची बेकरीवाली तिथे उभी राहून त्यावरचा मजकूर लिहून घेत होती. तिच्या वरच्या खोलीत दोन तरणी पोरं भाड्याने एकत्र संसार करत होती, त्यांच्या करारात टाकायला.

ऑर्व्हिल खुर्चीत बसला, ट्रेसाने फेस लावला, वस्तरा उघडला.

"जरा जपून," तो म्हणाला.

"आता झाकण माझ्या बाजूने आहे, मिस्टर ऑर्व्हिल. मान मागे करा."