मंगळावरून आलेला दगड

कोसाडच्या वसाहतीत त्या रविवारी मंगळ ग्रह आला होता. तो पाहायला कापडाच्या लूमवरचे कामगार बायकापोरांसह लोटले होते. पाटावर तांबडे दगड मांडून श्रीरंग महाराज बसले होते.

"सायन्सवाले चंद्रावर गेले, माती घेऊन आले. मग आमचा शिष्य रॉकेटमधून मंगळावर गेला आणि हे घेऊन आला!" महाराज गरजले. "पोरीच्या हळदीच्या हातावर ठेवायचा, वर तीर्थ शिंपडायचं. मंगळ असेल तर हळद लाल होणार. समज्या?"

लोक समजले. न समजता मान डोलावण्यात आमच्या लोकांचा हात कोणी धरणार नाही. सकाळपासून प्रत्येक पोरगी चटका बसताच दगड टाकत होती, प्रत्येकीला मंगळ निघत होता, तरी एकालाही शंका आली नाही.

मग वर्षाची पाळी आली. तिचं लग्न चेतनशी ठरलेलं. पण त्याच्यासोबत आलेली त्याची आई मालतीबाई अडून बसली होती. "मंगळनी पोर मना घरमा नको. पहिले तपासा."

वर्षाच्या तळव्यावर दगड ठेवला, तीर्थ पडलं. दगड फुसफुसला, वाफ निघाली, हळद रक्तासारखी लाल झाली. वर्षा किंचाळली.

"मूठ मिट, सोडायची नाय! मंगळ उतरतोय!" महाराज ओरडले.

वर्षाचा बाप उखा याने स्वतःच्या दोन्ही हातांनी तिची मूठ आवळून धरली. "सहन कर माय, तुनंच भलं शे," म्हणत होता. पोर तडफडत होती आणि गर्दी जयजयकार करत होती. माणसं इतकी बिनडोक असतात, यावर माझा तोवर विश्वास नव्हता.

किंकाळी ऐकून लीलाबाई धावत आल्या. मराठी शाळेत वर्षाला विज्ञान शिकवणाऱ्या याच. त्यांनी उखाला ढकललं, दगड झटकून टाकला आणि तिला नळावर नेऊन हात धारेखाली धरायला लावला. परत येऊन त्यांनी महाराजांच्या तळव्याला हळद फासली, उखाच्या खिशातली तंबाखूच्या चुन्याची डबी काढली आणि चुना वर चोळला. तळवा लालभडक!

"अरे वा! महाराजांनाही कडक मंगळ!"

लोक हसले. लीलाबाई मात्र हसल्या नाहीत. "कुंकू कशाचं करतात, विसरलात? हळद आणि चुना. हा दगड म्हणजे गेरूत घोळलेला कळीचा चुना आहे, पाणी लागलं की उकळतो. मंगळावर यंत्रं गेलीत, माणूस अजून जायचाय. तिथला खडाही कुणी आणलेला नाही. महाराज, खोटं असेल तर घ्या हा दगड मुठीत, मी पाणी घालते."

महाराज चपला शोधू लागले. सापडल्या नाहीत, तसेच पळाले.

वर्षाचा तळवा सोलून निघाला होता, बोटं वाकत नव्हती. उखाने मालतीबाईपुढे हात जोडले. "विहीणबाई, मंगळ नही शे. आते ते हो म्हना."

मालतीबाईने वर्षाचा हात उलटसुलट करून पाहिला. "मंगळ नही, मान्य. पन असा हातनी पोर भाकरी कशी थापी?" चेतन आईच्या मागे खाली मान घालून उभा होता. तसाच तिच्या मागोमाग निघून गेला.

बाबांनो, पृथ्वीवरची माणसं मंगळावर पाय ठेवायची तयारी करताहेत. तो ग्रह आहे. तिथे दगड आहेत, धूळ आहे, हाडं गोठवणारी थंडी आहे. कुणाच्या लेकीशी त्याचं वैर नाही. वर्षाची मूठ त्याने आवळली नव्हती. ती तिच्या बापाने आवळली होती.