विन्स्टनने पाहिलेलं कोलोन

माझा भाऊ विन्स्टन जर्मनी बघून आला. बघून आला म्हणजे काय, तर त्याची कंपनी किचनचे नळ विकते, त्या नळांचं प्रदर्शन डुसेलडॉर्फला होतं, परतीचं विमान फ्रँकफर्टहून होतं, आणि मधल्या वाटेवर बसवाल्याने सगळ्यांना अर्धा दिवस कोलोनला उतरवलं. अर्धा दिवस! तेवढ्यात दुबईत आमच्या ऊद मेथाला शुक्रवारी पार्किंगसुद्धा मिळत नाही. पण याचं बोलणं ऐका, वाटेल हा जन्मलाच कोलोनला, वसईला फक्त शाळेपुरता येऊन गेला.

शनिवारी दुपारी माझ्याकडे जेवायला आला, सोबत लेक टेसा. त्याची बायको हॉटेलात ड्युटीवर. सिलिकॉन ओएसिसच्या घरून येताना वाटेत ट्रॅफिक लागला म्हणून आधी दुबईला नावं ठेवून झाली. "जर्मनीत कसं, डिसिप्लिन! लोक हॉर्न वाजवत नाहीत." हे कोण सांगतंय, तर बिल्डिंगखाली उभा राहून मला बोलवायला तीनदा हॉर्न वाजवणारा माणूस. मग हात धुवायच्या आधी माझ्या टीव्हीला स्वतःचा फोन जोडला. यल्ला, बसा सगळे, पिक्चर सुरू.

मी ऐकून घेत होते, कारण मला एकच गोष्ट ऐकायची होती. मम्मीचे डोळे पोहोचले का?

मम्मी माझ्याकडे राहते. तिचा मोतीबिंदू पिकलाय, वर डोळ्यातलं प्रेशर वाढलंय. डॉक्टर बाईंनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, आता टाळलंत तर गेलेली नजर परत यायची नाही. सोमवारची तारीख मिळालेली. पण मम्मी हटून बसलेली. आमच्याकडे नवस बोलतात तेव्हा दुखतो तो अवयव मेणाचा करून वाहतात, पाय दुखला तर मेणाचा पाय, डोळे गेले तर मेणाचे डोळे. मम्मीने वांद्र्याहून मेणाच्या डोळ्यांची जोडी आणून ठेवलेली. त्यात तिने मोबाइलवर ऐकलं, की तीन राजे बाळ येशूला भेटायला आले होते ना, त्यांची हाडं कोलोनच्या मोठ्या चर्चमध्ये सोन्याच्या पेटीत ठेवलीयत. झालं! आमच्या गावात तीन राजांचा सण मोठा. तिने नवस फिरवला. "डोळे राजांकडे पोहोचले की मी ऑपरेशन करीन. नाही पोहोचले तर करणार नाही. खलास."

म्हणून ते डोळे रुमालात गुंडाळून मी विन्स्टनच्या हातात दिले होते. त्याने तोंड वाकडं केलं, पण घेतले.

टीव्हीवर आता पूल होता, त्यावर हजारो कुलपं लटकलेली. "लव्ह लॉक्स," विन्स्टन म्हणाला. "नवरा-बायको कुलूप लावतात आणि चावी नदीत फेकतात."

"मग घरी कसे जातात?" माझा नवरा सिरिल म्हणाला. त्याला जर्मनीपेक्षा ताटातल्या तळलेल्या गरम फुग्यांत जास्त रस होता.

पुलावर विन्स्टन, कॉफीसोबत विन्स्टन, अत्तराच्या दुकानात बाटली हुंगताना विन्स्टन. प्रत्येक फोटोत हा पुढे आणि शहर मागे, जणू कोलोनच याला बघायला आलंय. "ही कॉफी सहा युरो. म्हणजे पंचवीस दिरहॅम. म्हणजे सहाशे रुपये!" हे सांगताना इतका खूश, की कॉफी प्यायला की पैसे प्यायला कळेना. "पण क्लास, डोरोथी, क्लास! तुम्हाला नाही समजणार."

"नाही रे बाबा, आम्हाला कुठलं समजायला," मी म्हणाले. "चर्चचं सांग."

"चर्च ना? बाप रे! दोन टॉवर, आभाळात. पूर्ण गॉथिक. गॉथिक म्हणजे…" आणि मग गॉथिक म्हणजे काय हे त्याने असं काही सांगितलं की सिरिलने आणखी एक फुगा घेतला.

मम्मी खुर्चीत सरळ बसलेली. टीव्हीवर तिला फक्त रंग हललेले कळतात. तिने आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. "विन्स्टन, माझे डोळे कुठे ठेवलेस?"

"राजांच्या पायाशी, मम्मी. तिघं उभे आहेत ना एका लायनीत, मधल्याच्या पायाशी ठेवले. फादर होते तिथे. त्यांनी ब्लेसिंगपण दिली. म्हणाले, व्हेरी नाइस कस्टम."

माझ्या हातातला चमचा थांबला. मेल्या, उभे? त्या पेटीचा फोटो मम्मीने मला इतक्या वेळा मोठा करून दाखवायला लावलाय, की मला झोपेतसुद्धा ती दिसेल. तिथे कोणी राजा लायनीत उभा राहून याची वाट बघत नाही.

"आणि पेटी?" मम्मीने विचारलं. "पेटी केवढी आहे?"

"पेटी?" विन्स्टनने माझ्याकडे बघितलं. "हां, पेटी! आहे ना. छोटीशी. आपल्या बिस्किटाच्या डब्याएवढी."

माणसापेक्षा लांब पेटी ती! म्हणजे हा गाढव आत गेलाच नव्हता. पुलावर गेला, अत्तर हुंगलं, कॉफी ढोसली, आणि आईचं एक काम होतं तेवढं राहिलं. माझ्या अंगाची आग झाली. उठून त्याच्या कानाखाली काढावी असं वाटलं, त्याचं वय, त्याची पोस्ट, काहीही न बघता.

पण सोमवार डोळ्यांपुढे आला. मी तोंड उघडलं तर मम्मी ऑपरेशनला नाही म्हणणार, आणि ती एकदा नाही म्हणाली की पोपसुद्धा तिला हलवू शकत नाही. तेव्हा काय करणार? मी माझ्या जिभेला आवर घातला आणि त्या थापाड्याला हात दिला.

"लांबून लहानच दिसते मम्मी," मी म्हणाले. "जवळ कोणाला सोडत नाहीत. आणि पुतळे असतील बाजूला. एवढं मोठं चर्च, पुतळे नसतील का?"

सिरिल माझ्याकडे बघतच राहिला. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी विन्स्टनची बाजू घेतलेली त्याने पहिल्यांदा पाहिली. मलाच माझी शिसारी आली. आणि तो निर्लज्ज मान डोलावत होता, म्हणे, "करेक्ट. डोरोथीला नॉलेज आहे."

मम्मीने मानेने नुसतं "बरं" केलं. मला हायसं वाटलं. जमलं, म्हटलं, सोमवारपर्यंत एवढंच टिकू दे.

पण विन्स्टनला बोलण्याच्या नादात फोनकडे लक्ष कुठे? टीव्हीवरचे फोटो संपले आणि पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू झाला. चर्चसमोरचं पटांगण. ऑफिसचे चार दोस्त हसतायत. मधे आमचा साहेब, मम्मीचे मेणाचे डोळे स्वतःच्या डोळ्यांवर धरून, आंधळ्यासारखा हात पुढे करून चालतोय. "मम्मी का आँख, भाई! जर्मनी में फ्री चेकअप!" हशा. कोणीतरी विचारलं, अंदर नहीं जाएगा? "अरे लाइन देख, बस निकल जाएगी. छोड़ ना. किधर डस्टबिन दिखा तो बोल."

विन्स्टन फोनवर झडप घालायला उठला, त्याच्या घाईत पाण्याचा ग्लास सांडला. फोन बंद होईपर्यंत सगळं बोलून झालं होतं.

"डॅड," टेसा म्हणाली, "शी कांट सी. शी कॅन हिअर." आणि ती उठून आजीच्या खुर्चीजवळ जाऊन उभी राहिली.

"मम्मी, जोक होता," विन्स्टन म्हणाला. "ऑफिसच्या लोकांसमोर… म्हणजे, ते मेणाचं वगैरे, तिथे तसं कोणी करत नाही ना. ऑकवर्ड वाटतं." त्याचा सगळा जर्मन क्लास उतरलेला. घाम पुसायला त्याने खिशातून रुमाल काढला. तो मी डोळे गुंडाळून दिलेला रुमाल होता. डोळे फेकले, रुमाल ठेवला, इतका हिशोबी.

मला त्याच्याकडे बघायचीही इच्छा नव्हती. मी मम्मीकडे बघत होते. आता ती नाही म्हणणार, सोमवार गेला, नजर गेली, आणि हे सगळं एका माणसाला चार टवाळांपुढे लाज वाटली म्हणून. मला रडू फुटलं. मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "मम्मी, नवस आपण परत करू. मी स्वतः जाईन तिकडे. पण ऑपरेशनला नाही म्हणू नकोस. तुझ्या पाया पडते."

तिने चाचपडत माझा हात धरला आणि बाजूला केला, जरा चिडूनच.

"रडतेस कशाला? मी नाही म्हणाले का?" मग तिने विन्स्टनच्या आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं आणि तसंच धरून ठेवलं. त्याची मान खाली गेली. तिला काही दिसत नाही हे त्याला माहीत होतं, तरी गेली.

"सोमवारी किती वाजता जायचंय ते सांग," मम्मी मला म्हणाली. "आता राजांचं नाव नको घेऊस. मला या माणसाचं तोंड एकदा नीट बघायचंय."