इतर काही : नाही

सकाळी साडेपाचला मी थायरॉईडची गोळी घेते. अर्धा ग्लास साधं पाणी, आणि पुढे तासभर तोंडात काही नाही, चहासुद्धा नाही. अडीच वर्षांत हे एकदाही चुकलेलं नाही. चुकलं असतं तर वहीत सापडलं असतं. फ्रिजवर एक वही असते. तिच्यात तारीख, वेळ, गोळीची मात्रा आणि रक्ताचे आकडे. नवरा त्या वहीला माझी सवत म्हणतो.

त्यामुळे थायरॉईडच्या तज्ज्ञांनी रिपोर्ट टेबलावर ठेवून विचारलं, "खरं सांगा, जास्तीची गोळी घेता का?", तेव्हा मला आधी प्रश्नच कळला नाही.

त्यांनी रिपोर्टवर पेन टेकवलं. टीएसएच म्हणजे थायरॉईडला मिळणारा हुकूम. शरीरात थायरॉईड कमी पडलं की हा आकडा वाढतो, जास्त झालं की खाली जातो. माझा एकेकाळी सातच्या घरात होता. गोळीने तो दोनवर आला, आणि मग गेल्या पाच महिन्यांत असा काही घसरला की तळालाच जाऊन बसला. दोनदा त्यांनी मात्रा कमी केली, शंभरची पंचाहत्तर, पंचाहत्तरची पन्नास. तरी तो वर येईना. म्हणजे कुठून तरी जास्तीचं औषध पोटात जात होतं, असा त्यांचा हिशेब.

"मूल हवं असलं की बायका घाई करतात," ते म्हणाले. "दोन-दोन गोळ्या घेणाऱ्या पाहिल्यात मी."

मी सांगितलं की मी घेत नाही. वही पुढे केली. त्यांनी ती उघडली नाही, तिच्यावर माझीच फाईल ठेवली. मग मी सांगितलं की मला सारखी थंडी वाजते, दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या डोळे मिटतात, पोट साफ होत नाही, संध्याकाळी पाय बुटात मावत नाहीत. ही सगळी थायरॉईड कमी पडल्याची लक्षणं, जास्तीची नव्हेत. त्यावर ते म्हणाले, कामाचा ताण असेल. आणि पन्नासची पंचवीस केली. मी चार मिनिटांत बाहेर. बाकांवर अजून अठरा जण बसले होते.

मला भांडता येत नाही. योग्य वाक्य मला जिना उतरताना सुचतं.

थायरॉईडच्या या आकड्यावर माझं सगळं अडलं होतं. मला अडतिसावं लागलंय. एकदा दिवस गेले होते, बाळ नवव्या आठवड्यात गेलं. आता मूल होण्यासाठी ज्या डॉक्टरीणबाई उपचार करणार होत्या त्यांची अट सरळ होती: टीएसएच जागेवर येऊन दोनदा लागोपाठ तिथेच राहिला पाहिजे, मग सुरुवात. पाच महिन्यांत त्यांनी मला दोनदा तारीख दिली आणि दोनदा काढून घेतली. तिसरी पुढच्या महिन्याच्या चौदाची होती.

नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. घरी आल्यावर त्याने सगळं ऐकून घेतलं आणि त्या डॉक्टरला दोन मजल्यांच्या मधे अडकवून ठेवायची तयारी दाखवली. मला हसू आलं. मग भांडी पुसता पुसता, माझ्याकडे न बघता, तो म्हणाला, "चुकून तर नाही ना घेतली गेली दोनदा? अर्धवट झोपेत वगैरे?"

मी हात कोरडे केले, गोळ्यांची पाकिटं आणली आणि त्याच्यासमोर मोजली. गोळ्या आणि वही, एकाचाही फरक नव्हता. तो सॉरी म्हणाला. पण विचारलं होतंच.

मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. विहिरी, टाक्या, कारखान्यांचे नळ, सगळीकडचं पाणी आमच्याकडे येतं. पुढच्याच आठवड्यात एका वसतिगृहाच्या टाकीतलं पाणी आलं. तिथली चाळीस माणसं पोट धरून बसलेली, आणि आमच्या प्लेटवर एकही जंतू उगवला नाही. प्लेट आरशासारखी स्वच्छ. आमच्या वरिष्ठ बाई प्लेट उजेडात धरून म्हणाल्या, "इतकं शुद्ध पाणी देवालाही मिळत नाही. चिठ्ठी दाखवा बघू."

आमच्याकडे प्रत्येक बाटलीबरोबर एक चिठ्ठी असते आणि तिच्यात एक रकाना: नमुन्याबरोबर आणखी काय आलं? तो मोकळा सोडलेला चालत नाही. तिथे "काही नाही" असं लिहिलं होतं. बाईंनी वसतिगृहात फोन केला. टाकीत त्याच सकाळी बचकभर क्लोरीनची पूड टाकली होती आणि पाणी आमच्या क्लोरीन मारणारं औषध घातलेल्या बाटलीऐवजी साध्याच बाटलीत भरलं होतं. क्लोरीन पाण्याबरोबर बाटलीत आलं, आणि वाटेतच सगळे जंतू मारून मोकळं झालं. तपासणी बरोबर होती, प्लेट बरोबर होती. टाकीतली घाण मात्र होती तिथेच होती.

"मोजणाऱ्याला दोष देण्याआधी नमुन्याला विचारावं, कोणाला सोबत घेऊन आलास," बाई म्हणाल्या. हे त्या दर महिन्याला कोणाला ना कोणाला ऐकवतात. मी स्वतः नव्या लोकांना हेच शिकवते.

त्या दुपारी मी डबा उघडला आणि तसाच मिटला. रक्त घेणाऱ्या लॅबचा फॉर्म मला डोळ्यांसमोर दिसत होता. त्यातही असाच रकाना होता: इतर काही औषधं घेता का? गेल्या पाच महिन्यांत रक्त दिलं त्या पाचही वेळा मी तिथे लिहिलं होतं, नाही.

पाच महिन्यांपूर्वी माझे केस मूठमूठ गळायला लागले होते. धाकट्या नणंदेचं पार्लर आहे. धंद्यामुळे आणि जिभेमुळे तिचं घरातलं नाव कैची. तिनेच मला केसांच्या गोळ्यांची बाटली आणून दिली होती. रोज सकाळी नाश्त्याबरोबर एक. वास गोड, आकार फुलाचा. मी ती कधी औषधात धरलीच नाही. वहीतही नाही. फुलाच्या आकाराची गोळी काय वहीत लिहायची?

घरी जाऊन बाटलीचं लेबल वाचलं. बायोटिन, दहा मिलिग्रॅम. रोजच्या गरजेच्या तीनशेपट. आणि हे बायोटिन मला परकं नाही. रक्तातले हार्मोन मोजणाऱ्या कितीतरी किटमध्ये तेच हुकासारखं वापरतात. टीएसएचला पकडायचं आणि या हुकावर टांगायचं, जितके टांगले तितका आकडा. रक्तातच बायोटिनचा पूर आला की ते आधी जाऊन जागा अडवतं, टीएसएच लोंबकळायच्या आत धुऊन जातो, आणि यंत्र म्हणतं, इथे फारसं काही नाही. पाच महिने माझा आकडा खोटा होता. त्या खोट्या आकड्यावर माझं खरं औषध कमी होत गेलं होतं.

मला राग आला, पण तो नेमका कोणावर काढावा ते ठरेना.

दुसऱ्या दिवशी बाटली घेऊन तज्ज्ञांकडे गेले. अपॉइंटमेंट नव्हती, अडीच तास बसले. त्यांनी लेबल वाचलं, चष्मा काढून पुन्हा वाचलं. मग शांतपणे म्हणाले, शक्य आहे. फॉर्मवर लिहायला हवं होतं.

हे खरं होतं. म्हणूनच जास्त झोंबलं. पण या वेळी जिना उतरेपर्यंत थांबायचं नाही, असं मी बाकावरच ठरवून आले होते.

"फॉर्मवर लिहिलं नाही, ही माझी चूक," मी म्हटलं. "पण तुम्ही मला जास्त गोळ्या घेता का हे विचारलंत. आणखी काय घेता, हे नाही विचारलंत. मी लक्षणं सांगितली, ती आकड्याच्या उलट होती. तुम्ही आकड्याचं ऐकलंत."

त्यांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं. पूर्वीचीच मात्रा, शंभरची, लिहिली. केसांची गोळी बंद करून आठवड्याने पुन्हा रक्त द्या म्हणाले. मी उठले तेव्हा म्हणाले, "वही पुढच्या वेळी आणा." ती आजही माझ्या हातातच होती.

कैचीला सांगायला मी पार्लरमध्ये गेले. आधी ती हसली, वहिनी, तुमचं विज्ञान म्हणजे ना. मग तिला तारखांबद्दल सांगितलं. तिच्या हातातला कंगवा थांबला. बराच वेळ ती त्यातले केस वेचत बसली.

"मी बाटली फुकट दिली होती तुला," ती म्हणाली. एरवी ती मला अहोजाहो करते.

"माहितीये गं."

"बस खुर्चीत. कापूनच टाकू. आखूड केस गळले तरी कमी दिसतात."

मी बसले. तिने माझे केस मानेपर्यंत कापले. कैची गप्प बसलेली मी तेव्हाच पाहिली.

आठवड्याने रक्त द्यायला गेले. त्या रकान्यात मी सगळं लिहिलं: फॉलिक अ‍ॅसिड, मात्रा आणि वेळ, डोकेदुखीची एक गोळी, मंगळवारी, बायोटिन, कधीपासून कधीपर्यंत. जागा पुरेना म्हणून समासात वळवलं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, इथे फक्त औषधंच लिहायची असतात." मी म्हटलं, असू दे. तिने सुस्कारा सोडून शिक्का मारला.

आकडा आला अकरा पूर्णांक चार.

या आकड्याशी भांडण नव्हतं. थंडी, झोप, बूट, सगळं त्याच्यात बसत होतं. पण पाच महिन्यांपूर्वी मी दोनवर होते. शंभरची मात्रा अंगी लागायला सहा आठवडे, मग तपासणी, मग आणखी एकदा. नवऱ्याने रिपोर्ट वाचला, घडी घातली आणि वहीत ठेवला. वही फ्रिजवर परत ठेवताना तो सवत म्हणाला नाही.

मी डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात फोन लावला. नर्सने आकडा लिहून घेतला. कागद चाळल्याचा आवाज आला.

"मग चौदा तारीख रद्द करू ना?"

"रद्द करू नका," मी म्हटलं. "पुढे ढकला."

"पुढे म्हणजे कधी, ताई? नक्की कधी ते सांगता येतं का असं?"

मी वही उघडली. आजपासून सहा आठवडे, त्यापुढे आणखी सहा, रिपोर्टला दोन दिवस. बोटाने दिवस मोजत खाली आले आणि तिला तारीख सांगितली, वारासकट. सोमवार होता.

"पेन्सिलीने लिहिते," ती म्हणाली.

"पेनने लिहा," मी म्हटलं, आणि ती लिहीपर्यंत फोन धरून ठेवला.